पाठमोरे साहेबांचा आडोसा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या पलटणीचे कर्नलसाहेब. त्यांच्या शेजारी बसलेले आणि हातातला पुष्पगुच्छ नेमका कुठे ठेवावा या विवंचनेत पडलेले सत्कारमूर्ती, आदरणीय सुभेदार मेजर साहेब. साहेबांना आणि साहेबांच्या इस्त्रीला इतकी वर्षं सांभाळणाऱ्या आमच्या काकू. व्यासपीठावरचे सर्व अधिकारी. समोर ताठ बसलेले जवान आणि त्यांच्यामागे अजिबात ताठ न बसलेली त्यांची मुलंबाळं. आणि पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलेली, ‘मला वर बोलवलंस तर उठून घरी जाईन’ असं बजावून आलेली माझी आई. सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी कोण, असा प्रश्न नव्या भरतीच्या मुलांना पडला असेल. मला सगळे टेलरताई म्हणतात. छावणीच्या फाटकाशेजारी शिलाईची खोली आहे ना, तिथली मी. तुमच्या पँटी तुम्ही मेसमध्ये भरपेट जेवलात की सैल करून देते तीच. माझ्याआधी त्या खोलीत माझी आई शिवायची. भाषण करणं हे काही माझं काम नव्हे. अहो, तोंडात टाचण्या धरून काम करायची सवय, बोलणार कधी? पण आज बोलणार आहे. उद्या सकाळी साहेब आणि काकू गावी जायला निघतील. सामान बांधून झालंय, मी स्वतः पाहिलंय. त्या सामानात एक ओझं असं आहे की जे साहेबांनी सव्वीस वर्षं वाहिलंय, आणि ते त्यांचं नाहीच. तेवढं मला आज इथे उतरवून घ्यायचंय. कर्नलसाहेब, पाच मिनिटं जास्त झाली तर घड्याळाकडे बघू नका, विनंती आहे.

साहेबांना छावणीत काय म्हणतात हे त्यांच्यासमोर उघड कुणी बोलत नाही. आज सांगूनच टाकते. ‘पाठमोरे साहेब’ म्हणतात. एका नव्या मुलाला तर ते खरंच आडनाव वाटलं. रजेच्या अर्जावर ‘श्री. पाठमोरे यांस’ असं लिहून तो साहेबांच्याच समोर उभा राहिला होता. साहेबांनी अर्ज वाचला, रजा दिली आणि म्हणाले, “कॉलर आत दुमडली आहे, ती आधी नीट कर.”

हे नाव पडलं साहेबांच्या पद्धतीमुळे. बाजारात, दवाखान्यात, कुणाच्या लग्नात, जिथे म्हणून एखाद्या जवानाच्या वर्दीत काही चुकलेलं दिसेल, तिथे साहेब जाणार. लांबून हाक नाही, बोट दाखवणं नाही. सरळ त्याच्यासमोर जाऊन लोकांकडे पाठ करून उभे राहणार. साहेबांची पाठ केवढी, हे मला विचारा. कोटाला चार बोटं कापड जास्त लागतं! त्या पाठीमागे माणूस पूर्ण झाकला जातो. मग अगदी हळू, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू सांगणार, “दुसऱ्या बटणापासून चुकलंय. सावकाश लाव, मी उभा आहे.” खिशात पत्र्याची एक डबी. त्यात सुई, तीन रंगांचे दोरे, चार बटणं आणि एक छोटी कात्री. दोरे संपले की डबी माझ्याकडे भरायला येते.

आणि हे फक्त जवानांपुरतं नाही हं. एका लग्नात एक मोठे अधिकारी आले होते. नाव सांगत नाही, ते आज व्यासपीठावर आहेत आणि आत्ताच छताकडे बघायला लागलेत. त्यांच्या छातीवरची पदकांच्या फितींची पट्टी उलटी लागली होती. आता अधिकाऱ्याला कोण सांगणार? सगळे आपापल्या ताटात बघत होते. साहेब गेले, कडक सलाम ठोकला, आणि पाठ आडवी घालून म्हणाले, “सर, मी काहीतरी गुप्त बातमी देतोय असा चेहरा करा.” त्यांनी तसा चेहरा केला, तेवढ्यात पट्टी सुलटी झाली. गुप्त बातमी काय होती हे विचारून लोकांनी पुढे महिनाभर त्यांना भंडावून सोडलं.

मी एकदा साहेबांना म्हटलं, “साहेब, एवढा आटापिटा कशाला? एक हाक मारली की काम झालं.” त्यावर त्यांनी नुसतं डबीचं झाकण लावलं आणि निघून गेले. मला वाटलं, स्वभाव असेल. मोठ्या माणसांना फार खोदून विचारू नये, असं आईने शिकवलंय. तिने शिकवलेल्यातलं मी पाळते ते एवढंच.

गेल्या महिन्यात साहेब आजच्या कोटाचं माप द्यायला आले. माप झालं, तरी जाईनात. स्टुलावर बसून राहिले. मग म्हणाले, “टेलरताई, तू माझ्या निरोपाला बोलणार आहेस असं ऐकलं. चांगलं बोलशील. म्हणून आधीच सांगतो, माझ्याबद्दल चांगलं बोलू नकोस.” मला हसूच आलं. मी म्हटलं, “साहेब, कोट अजून शिवायचाय, भीती दाखवू नका.” पण ते हसले नाहीत.

त्यांनी सांगितलं ते असं. सव्वीस वर्षांपूर्वी साहेब हवालदार होते. आवाज असा की मैदानाच्या या टोकाला ओरडले तर त्या टोकाचा माणूस सुतासारखा सरळ व्हावा. एके दिवशी सकाळी बसस्थानकावर त्यांना एक जवान दिसला. रजा संपवून निघालेला. शर्टाच्या वरच्या खिशाचं बटण गायब, खिशाची पट्टी उघडी, आणि टोपी? टोपी खांद्यावर बसलेल्या पाच वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर. नियम असा की टोपी एक तर आपल्या डोक्यावर, नाहीतर हातात. हवालदार साहेब लांबूनच गरजले, “ए जवान! ही वर्दी आहे की दोरीवर वाळत घातलेला टॉवेल? टोपी काय खेळणं आहे? लाज आहे का काही?” सगळं बसस्थानक वळून बघायला लागलं. कुणीतरी फिदीफिदी हसलं. त्या जवानाने मुलीला खाली उतरवलं, तिच्या डोक्यावरून टोपी काढून घेतली, सावधान उभा राहिला आणि म्हणाला, “चूक झाली, हवालदारसाहेब.” मुलगी रडायला लागली. हवालदार साहेब ऐटीत पुढे निघून गेले.

एकविसाव्या दिवशी सीमेवरून एक शवपेटी आली. खांदा देणाऱ्या सहा जणांत साहेब होते. पेटीवर ठेवलेली टोपी कुटुंबाच्या हाती द्यायचं काम त्यांच्याकडे आलं. ती घ्यायला जी बाई पुढे आली, तिचं बोट धरून तीच मुलगी उभी होती.

होय. ती मी.

साहेब मला म्हणाले, “पोरी, तुझ्या बापाचा शेवटचा निरोप चारचौघांत मी नासवला. लेकराच्या डोक्यावरून बापाची टोपी मी उतरवायला लावली. तुझ्या आईला सांगायला किती वेळा दारापर्यंत आलो, जीभ उचलली नाही. आता तरी सांगून जातो.” एवढा डोंगराएवढा माणूस, आणि माझ्या स्टुलावर बसून मापाची पट्टी गुंडाळत होता आणि उलगडत होता. मला त्या दिवसातलं खरंच फारसं आठवत नाही. कुणीतरी मोठ्याने ओरडलं आणि माझी टोपी गेली, एवढंच आठवतं. राग आला का? आला. लपवत नाही. त्या दिवशी कोटाची एक बाही मी दोनदा उसवली.

घरी जाऊन आईला सांगितलं. मला वाटलं, ती रडेल, नाहीतर भडकेल. आईने चष्मा पुसला आणि म्हणाली, “मला माहीत आहे.”

मी म्हटलं, “कधीपासून?”

“टोपी दिली त्या दिवसापासून. आवाज ओळखला ना मी. तोच आवाज, फक्त पार खाली बसलेला.”

“अगं मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, ते विसरले असतील. आपल्यासाठी शिलाईच्या खोलीचा अर्ज त्यांनी लिहिला, मशीन स्वतः उचलून आणून ठेवलं. बदली झाली तरी पत्र पाठवून तुझी शाळा विचारायचे. अशा माणसाला जुनं काढून कशाला ओशाळं करायचं?”

बघा म्हणजे! हे म्हणतात, तिला माहीत नाही. ती म्हणते, ते विसरले. सव्वीस वर्षं दोघं एकमेकांसमोर आडोसा धरून उभे. आणि मी मधे, दोघांचे दोरे ओवत.

साहेब, आता नीट ऐका. तुम्ही त्या दिवशी ओरडून निघून गेलात. पुढचं तुम्ही पाहिलंच नाही. ते आईने पाहिलंय, आणि तिच्या परवानगीने मी सांगतेय.

त्या रजेत माझे वडील माझ्या शाळेच्या पहिल्या दिवसापर्यंत राहणार होते. तसा शब्द दिला होता त्यांनी. पण चार दिवस आधीच बोलावणं आलं. आता त्यात त्यांचा काय दोष? पण आईच्या नाकावर राग. तिने अबोला धरला. तीन दिवस एक शब्द नाही. शर्टाचं बटण तुटलंय, हे वडील भिंतीला ऐकवायचे. भिंत थोडीच शिवणार? आईने ऐकलं आणि मुद्दाम लावलं नाही. गावभराचे कपडे शिवणारी बाई, आणि नवरा बिनबटणाच्या शर्टात निघाला. बसस्थानकावरही ती तोंड फिरवून उभी होती. बस आली असती, वडील चढले असते, आणि अबोला तसाच राहिला असता.

तेवढ्यात तुम्ही ओरडलात.

आई म्हणते, “त्यांनी यांचा पाणउतारा केला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बटण माझ्यामुळे नव्हतं ना!” शिवणाऱ्या बाईच्या पिशवीत सुईदोरा नसेल तर काय असेल? तिने सुई काढली. शर्टाच्या आतल्या शिवणीला एक जादा बटण असतं, ते कापलं आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांच्या छातीजवळ उभी राहून लावायला लागली. बसवाला हॉर्न वाजवायला लागला, तर कंडक्टर त्याला म्हणाला, “अहो, दम धरा, बाई बटण लावतायत.” अख्खी बस थांबली.

वडील म्हणाले, “टोचशील.”

आई म्हणाली, “टोचू दे.”

“बोललीस एकदाची.”

“बोलले कुठे? बटण लावतेय.”

मग दोघंही हसले. आईने दोरा दाताने तोडला. त्यासाठी कपाळ त्यांच्या छातीला टेकावं लागलं, ते तिने जरा जास्त वेळ टेकवलं. हे वाक्य ती सांगताना भिंतीकडे बघत होती, म्हणून मीही भिंतीकडेच बघितलं. वडील म्हणाले, “आता शर्ट फाटेल, पण बटण सुटायचं नाही.” आणि खाली बसून माझे डोळे पुसून मला म्हणाले, “ते काका बरोबर बोलले गं. वर्दीची टोपी रस्त्यात लेकीच्या डोक्यावर नाही घालायची. घरी आपण घालू.”

साहेब, तुम्ही निरोप नासवला नाहीत. आई म्हणते, तुम्ही ओरडला नसतात तर ते दोघं एकमेकांशी न बोलताच कायमचे दुरावले असते. ती पाच मिनिटं तुमची आहेत. त्यांच्यावर तिने सव्वीस वर्षं काढली. तिने निरोप दिलाय, जसाच्या तसा सांगते: “त्यांना म्हणावं, ओरडलात ते चुकलंच. पण त्यातून मला जे मिळालं त्याचे उपकार मोठे आहेत. आता जीव हलका करून घरी जा.”

हा शर्ट मी आणलाय. वडिलांच्या ट्रंकेतून घडी घातलेला परत आला होता. साहेब, बघा ओढून. बटण अजून घट्ट आहे.

बघा, ओढा. आमचं काम आहे, तुटत नाही.

आता फार बोलत नाही. मला बोलू दिलंत म्हणून कर्नलसाहेबांचे आभार. काकूंचे आभार, कारण साहेबांची झोपमोड झालेल्या रात्री त्यांनीही जागून काढल्या असणार. पत्र्याच्या डबीत नवे दोरे भरून ठेवलेत, साहेब. गावीही कुणाची तरी बटणं तुटतीलच. माझ्या बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर मला माफ करू नका. साहेबांनी शिकवलंय तसं करा: समोर या, लोकांकडे पाठ करा आणि हळूच सांगा. मी दुरुस्त करीन.

आणि शेवटी एकच. आत्ता रुमाल काढताना व्यासपीठावर कुणाच्या तरी वर्दीत काहीतरी झालंय. काय झालंय आणि कुणाच्या, ते मी या माइकवरून मुळीच सांगणार नाही. आई, तू ये वर. सुई तुझ्याकडेच असेल. आम्ही दोघी आता थोडा वेळ सभागृहाकडे पाठ करून उभ्या राहणार आहोत, तेवढी मात्र सर्वांनी माफी द्यावी.