पेद्रूकाका गप्प का झाले

तुम्हाला हसू येईल, पण पेद्रूकाकांना मी पहिल्यांदा भेटले ती किंचाळून.

आम्ही पाच-सहा जण हौसेनं हॅम रेडिओ चालवायचो. रोज संध्याकाळी बिनतारी गप्पा, वादळ आलं की गावोगावचे निरोप पोचवायचे. आवाज सगळ्यांचे ओळखीचे, तोंड कुणी कुणाचं पाहिलेलं नाही. देवबागचे पेद्रूकाका एका वादानंतर जे गप्प झाले, ते कित्येक महिने. सगळे म्हणायचे, "रुसलो आसा म्हातारो. येतलो आपसूक."

एकदा आंबोलीला एसटी थांबली. गरम चहा हातावर सांडला आणि मी ओरडले, "अगो बाय माझे!"

समोरचा मफलर गुंडाळलेला म्हातारा ताडकन उठला आणि माझ्याकडे बघत चमच्यानं ग्लासावर टकटक करू लागला. मी घाबरून मागेच सरले. मग कानांना कळलं, ही तारेची भाषा, मोर्स. वाजत होतं ते माझंच रेडिओवरचं नाव. आणि आमच्यात म्हातारे एकच.

"पेद्रूकाका? अहो, बोला ना!"

त्यांनी मफलर खाली केला. गळ्यावर भोक होतं; घशाच्या ऑपरेशनात आवाज गेला होता. चमचा पुन्हा वाजू लागला. मी एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं, "रोज... हाक मारतंय. कोण... ओ देना नाय."

मोर्सची जागा नियमानं वेगळी, रेडिओच्या काट्यावर आमच्या गप्पांपासून बोटभर डावीकडे. तिकडे आमच्यातलं कुणी कधी फिरकायचंच नाही. रोज संध्याकाळी आम्ही "काका रुसले" म्हणत होतो, आणि त्याच वेळी, बोटभर अंतरावर, ते आम्हाला एकेकाला नावानं हाका मारत होते.