रेलिंगचा नारळ

मी कणकवलीकडची, म्हणजे वडील तिकडचे, मी जन्मले मुंबईतच. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर आलो आणि लग्न होऊन मी गेले कुठे, तर त्याच डोंगरावर चार गल्ल्या वर, म्हणजे आयुष्यभर पायऱ्याच चढतेय म्हणा ना. खालपासून आमच्या दारापर्यंत एकशे अठरा. मोजल्यात मी. मला सवयच आहे, वीस वर्षं लग्नाच्या हॉलच्या कोठीवर आहे, भांडी यादी करून द्यायची, कार्य उरकलं की यादीवर खूण करून परत घ्यायची, एक झारा कमी आला तरी मी आचाऱ्याला दारातून सोडत नाही. दिनूला कशी सोडेन?

दिनू म्हणजे आमचा माजी नगरसेवक. इथेच वाढला, त्याची आई कामाला जायची तेव्हा माझ्या सासूच्या हातचं जेवलाय. पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा देवळात सगळ्यांसमोर म्हणाला, पायऱ्यांना रेलिंग घालतो, म्हाताऱ्यांचे हाल बघवत नाहीत. निवडून आला. आणि केलं काय, तर खाली रस्त्यावर स्वागताची कमान, तिच्यावर याचा हसरा फोटो. कोणाचं स्वागत रे, वर यायला धरायला काही नाही! काय सांगू तुम्हाला, दोन वर्षांपूर्वी सासूबाई शेवाळावरून घसरल्या, खुबा मोडला, ऑपरेशन झाल्यावर चौघांनी खुर्चीत बसवून वर आणल्या, त्या वरच राहिल्या. दारात बसून मला विचारतात, खाली ती भाजीवाली अजून बसता काय गो? माझं डोकंच फिरतं.

आता परत निवडणूक लागली. दिनू हात जोडून दारात, वहिनी, लक्ष असू द्या. म्हटलं, रेलिंग? तर म्हणतो, मध्ये पालिकेत प्रशासक होता ना वहिनी, माझ्या हातात काय होतं? म्हटलं, त्याआधी पाच वर्षं तू होतास, तेव्हा हात कुठे होते, कमानीला? त्याच्या बरोबरची प्रचाराची पोरं हसली, तो नाही हसला. सासूबाईंच्या पाया पडला आणि त्यांनी, बघा, आशीर्वाद दिला! मी इतकी चिडले की भाकरी जाळली.

रविवारी देवळात प्रचाराचा नारळ होता. आमच्यात कुठलंही काम सुरू करताना गाऱ्हाणं घालतात, जाणता माणूस देवाला सगळं मोठ्याने सांगतो आणि बाकीचे दर वाक्याला व्हय म्हाराजा म्हणतात. आमच्याकडे ते दाजी घालतात, ऐंशीचे आहेत, तेही भिंत धरून उतरतात. मी पुढे झाले, म्हटलं, दाजी, आज मी घालते. बाईने कधी घातलं नव्हतं. कोणी तरी म्हणालं, अगो तू कशी? दाजींनी माझ्याकडे बघितलं, दिनूकडे बघितलं आणि नारळ माझ्या हातात दिला. म्हणाले, घाल.

बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू दिनू परत तुझ्या पायाकडे इला हा. व्हय म्हाराजा! मागच्या येळाक रेलिंग घालतंय म्हणान तुझ्यासमोर शब्द दिल्यान. व्हय म्हाराजा! माझी सासू पडली, खुबो मोडलो, दोन वर्सां तिना खालचो रस्तो बघूक नाय. व्हय म्हाराजा! आवाज वाढतच गेला, आणि त्यात दिनूचाही, लहानपणापासूनची सवय, तोंडातून जातंच. तिसऱ्या वेळी त्याला कळलं आणि तो गप्प झाला, पण तोवर सगळ्यांनी ऐकलं होतं. मग मी म्हटलं, रेलिंग झाल्याबगर ह्यो नारळ फुटाचो नाय. व्हय म्हाराजा!

नारळ लाल फडक्यात बांधून देवाच्या बाजूला ठेवलाय. दिनू माझ्याशी बोलत नाही, त्याची माणसं म्हणतात, वहिनीने अपशकुन केला. परवा दोघं येऊन टेपने पायऱ्या मोजून गेले. मोजा बाबा, मीही मोजल्यात. मतदान आठ दिवसांवर आलंय आणि नुसत्या टेपला मी मत देत नाही.

सासूबाई रोज विचारतात, फुटलो काय गो नारळ? नाही म्हटलं की म्हणतात, सुकान जायत तो. म्हटलं, सुकू दे, खोबरं होईल, तेल काढू आणि तुमच्या पायाला लावू, काही तरी उपयोग होऊ दे त्या दिनूचा.