सासूचे झुबे

सुनंदाबाईंच्या धाकट्या लेकीचं, ज्योत्स्नाचं लग्न ठरलं, त्या वर्षीची गोष्ट. झुब्यांच्या वजनानं फाटलेली कानाची पाळी शिवून घ्यायला सुनंदाबाई सासूबरोबर जळगावला कातडीच्या डॉक्टरकडे आल्या होत्या. समोरच्या बाकावर दोन अनोळखी बाया बोलत होत्या.

"बठ्ठ्या बाया इथं नटायलाच येतात व, सगळ्याच्या सगळ्या."

"आता आत गेली ना, ती सुरकुत्या घालवायला आलीय म्हणे."

"नातवंडं खेळवायच्या वयात! घरच्यांनी तरी आवरावं."

सुनंदाबाईंनी पदर कानावर ओढला. "आत्या, चला, घरी जाऊ."

"का म्हणून?" सासू मोठ्यानं म्हणाली. "मीच आणलं ना तुला? लेकीच्या लग्नात माझे झुबे तुझ्या कानात पाहायचेत मला. कोण आवरतं मला, तेच पाहते!"

मग घरच्यांनी आवरावं म्हणणारी बाई हळूच जवळ सरकली आणि तिनं डोक्यावरचा पदर मागं घेतला. तिचीही पाळी फाटून लोंबत होती.

"माय, शिवताना लई दुखस का व?"

"मला काय ठाऊक? सून बाहेर आली की तिलाच विचार. आधी नंबर लाव."

सुनंदाबाईंना हसू आवरेना. नंबर आला तेव्हा त्या तशाच हसत आत गेल्या.

लग्नात झुबे त्यांच्या कानात होते. सासू भागाबाई त्याच वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वारल्या.