गार्ड मागंच राह्यलं

मी सुनंदा, कन्हानची. बाबा खाणीत होते, दादा फिटर झाला, अन् मले म्हणे तू नकाशे शिक वं, हात काळे होत नाहीत. म्हणून आयटीआय केलं, सीताबर्डीले कॉम्प्युटरवर डिझाइन शिकली, अन् हिंगण्याकडं दादाच्याच कारखान्यात लागली. तो खाली शेडमंदी, मी वर एसीत. एसी माह्यासाठी नव्हता म्हणा, कॉम्प्युटरसाठी होता.

आम्ही कोळसा वाहाचे पट्टे बनवत होतो, कन्व्हेअर म्हणतेत ते. आता का सांगू तुम्हाले, स्क्रीनवर रोलर, मोटर, कोणाचा हात आत जाऊ नये म्हणून जाळीचं गार्ड असे सारे पार्ट वेगळे बनवा लागतेत अन् मंग एकमेकांशी बांधा लागतेत, म्हणजे गार्ड रोलरपासून एवढ्याच अंतरावर राह्यलं पाहिजे असं कॉम्प्युटरले सांगून ठेवाचं. मंग रोलर सरकला का गार्डही त्याच्यामागं सरकते, अन् नाही जमलं तं कॉम्प्युटर लाल होऊन बोंबलते.

मालकाले शौक मोठा. पाहुणे आले का शाल-श्रीफळ, भिंतीवरच्या टीव्हीवर डिझाइन, अन् माउस हातात घेऊन भाषण. एकदा भाषणाच्या भरात मोटर ओढली, ती बांधाची राह्यली होती, गेली पार टीव्हीच्या कोपऱ्यात. पाहुणे हसले. मालक मले म्हणे, सुनंदा, सारं फिक्स करून टाक, काही हाललं नाही पाहिजे. मी म्हटलं, सर, फिक्स म्हणजे पार्ट जिथं आहे तिथंच ठोकणं, मंग कोणाचा कोणाशी संबंध राहत नाही, उद्या एक सरकवला तं दुसरा मागंच राहीन. तं म्हणे, तू लय शिकवून राहिली मले. नव्या पट्ट्याचं उद्घाटन होऊ दे, मंग बांधत बसजो. मी सारं फिक्स करून टाकलं.

मी मावसबहिणीच्या लग्नाले गेली तवा गिऱ्हाइकाचा फोन आला का रोलर थोडा पुढं घ्या. एवढ्याशासाठी सुनंदा कायले पाहिजे म्हणून मालकानं स्वतःच रोलर सोडवला, पुढं सरकवला, पुन्हा ठोकला. गार्ड मागंच राह्यलं. लाल काही झालं नाही, बांधलेलंच काही नव्हतं. नकाशे खाली गेले, तसंच बनलं.

मी परत आली तं थेट उद्घाटनाले. मांडव, हार, बँड. बटन दाबलं, पट्टा एका बाजूले जाऊन राह्यला होता म्हणून दादा वाकला, अन् जाळी अन् रोलरच्या मधल्या फटीत त्याचा उजवा हात गेला. बँडवाल्यायले कळलं नाही. ते वाजवतच होते.

मंग चौकशी. मालक म्हणे फिटरनंच गार्ड काढलं होतं. तसं ठरलं असतं तं दादाची नोकरीही गेली असती. मी चौकशीवाल्या साहेबाले स्क्रीनवर सारं दाखवलं, गार्ड कुठं पाहिजे होतं अन् कुठं राह्यलं. साहेबानं चहा घेतला अन् इचारलं, हे फिक्स कोणी केलं? मी म्हटलं मी, सरनं सांगतलं म्हणून. सांगतल्याचा पुरावा? आता तोंडच्या बोलण्याचा पुरावा कुठून आणू बाप्पा? दादावरचा ठपका गेला, माह्यावर आला. मले काढलं. दादाले गेटवर बसवलं, अन् माणुसकी म्हणून त्याले हार घालून फोटोही काढला.

दवाखान्यातून घरी आल्यावर दादा एवढंच म्हणे, काहून बोलली वं? तुह्या दोन हातांवर घर चाललं असतं.

आता मी सीताबर्डीच्या त्याच क्लासात शिकवते. पोट्टे घाईघाईनं सारं फिक्स करतेत, चित्र पटकन उभं राहते ना. मी रागवत नाही. सोडवते, म्हणते पुन्हा बांध. कारखान्यात लागल्यावर बांधतीन का नाही, मले का माहीत.

दादा गेटवरच आहे. डाव्या हातानं सलाम करे, तं मालकानं सांगतलं, पाहुण्यायले बरं दिसत नाही गा, सलाम राहू दे. देव मालकाले सुखी ठेवो. गेट लोखंडाचं, जड आहे. दादा खांद्यानं ढकलते.