डॉक्टरवाला कोट

बुटांच्या दुकानात तासभर आरशासमोर फिरणाऱ्या नातवाला तुम्ही हसता. मी हसत नाही. घाटंजीला कृषी कार्यालयात कारकून असताना फवारणीचे संरक्षक कपडे वाटायचं काम माझ्याकडे होतं. पांढरा कोट, चष्मा, हातमोजे आणि गमबूट. बोंडअळीच्या त्या वर्षांत फवारणी करता करता माणसं दवाखान्यात जात होती, तरी कपडे न्यायला कोणी येईना. मी भाषणं दिली. भाषणांनी कोणाला विषबाधा झाली नाही, एवढंच.

नामदेव नावाचा एक शेतकरी आदल्या वर्षी फवारणीनंतर आठ दिवस सलाईनवर होता. त्याची बायको सुमन त्याला ओढतच घेऊन आली.

"हे घालून वावरात गेलो तं बैल बुजतीन," नामदेव म्हणाला.

मी भाषण सुरू करणार, तेवढ्यात सुमनने कोट त्याच्या अंगावर चढवला आणि दोन पावलं मागे सरकली. "अगाई! डॉक्टरच दिसून राह्यले तुमी."

नामदेवने कपाटाच्या काचेत पाहिलं, कॉलर सारखी केली. "साहेब, बुटात पांढरा रंग नाही का?"

आठवड्याभरात त्याच्या गावातले सगळे येऊन गेले. प्रत्येकाला 'डॉक्टरवाला' कोट हवा होता.

महिन्याने सुमन एकटी आली.

"काय, नामदेव कोट घालतो ना?"

"घालते नं. इस्त्री करून पारावर बसते. खराब होईन म्हणून वावरात नेत नाही."

"मग फवारणी?"

"मीच करून राह्यली. आता एक माह्या मापाचा द्या, साहेब. नर्सवाला असला तरी चालते."