मुळशीचे लाल बगळे

मुळशी तलावातले बगळे पावसाळ्यात गुलाबी आणि हिवाळ्यात लाल होतात, हे सिद्ध झालं. तसं काही झालंच नाही असं समजून पुढचं वाचावं.

गौतमीचा रोबोट वर्षभर तलावात तरंगत पाखरांचे फोटो काढत होता. त्यातून लागलेला हा शोध मांडायला ती एसटीनं पुण्याला निघाली होती. तिची पुढची नोकरी त्यावरच ठरायची होती. पुढच्या सीटवर तलावाकाठच्या गावातली तुकाबाई आणि तिची सून सोनाली बोलत होत्या.

"आत्याबाई, त्या रोबोटला कुंकू तुमीच लावलं व्हय?"

"मग? नवं यंत्र पाण्यात तसंच सोडायचं?"

"पर लावलं कुटं? त्याला कपाळच न्हाई."

"डोळा हाय की मोठा. त्यावर लावलं."

"पावसानं गेलं आसंल."

"फिकं झालं. म्हणून दसऱ्याला तेलात कालवून शेंदूर लावला. आता कशाला जातोय."

"दिसंल का त्याला त्यातनं?"

"पाखरंच मोजायचीत त्याला. नवरी थोडीच बघायचीय."

गौतमीनं भाषण मिटलं, पुन्हा उघडलं आणि शेवटी एक ओळ वाढवली: "तरी तलावातील समस्त बगळ्यांनी पुढील आदेशापर्यंत लालच राहावे, ही नम्र विनंती."