पहिल्या बसचा ड्रायव्हर

सिंधूकाठच्या त्या गावात नव्या रस्त्यावरून पहिली बस यायची होती. थांब्यावर बसलेली रब्बुल दाई दोघा म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकत होती.

“अदा पंजल, अरे भाऊ, ऊन डोक्यावर आलं. बस आठची होती ना?”

“होती रे मोरिया. पण वाटेत पाच गावं. पहिल्या बसच्या ड्रायव्हरला उपाशी कोण सोडतो?”

“म्हणजे पाच जेवणं?”

“आणि बसला पांघरायला पाच अजरका, छापील चादरी! चौथ्या गावात म्हणे नाडी सैल करून आडवा झालाय.”

“आणि तुझ्या नातीचं नाव आज ठेवायचंय!”

“मीच ठेवायचंय! सगळे खोळंबलेत तिकडे लेकीच्या गावी. त्या पाच गावांना अक्कल नाही. पाहुणचारालाही काही सुमार असतो!”

“आली, आली! अजरकांनी काच झाकलीय. गडी खिडकीतून मुंडी काढून हाकतोय!”

“काका, चढा लवकर! मला आधीच फार उशीर झालाय.”

“चढतो कसला? तू आधी खाली उतर. पहाटेपासून पल्ला मासा शिजवून ठेवलाय. माझ्या दारावरून उपाशी गेलास, तर नातीला तोंड कसं दाखवू?”